लाउटरब्रुनेन की ग्रिंडेलवाल्ड: मुक्काम कुठे टाकावा?

स्वित्झर्लंडमधल्या थुन आणि ब्रिएन्झ या तळ्यांमधल्या इंटरलाकेनहून दोन्ही गावांना एकच गाडी निघते, आणि फसगत तिथेच होते: वाटेतल्या स्वाइल्युचिनेन स्टेशनला तिचे दोन भाग होतात. डब्यावरचं गावाचं नाव वाचूनच बसा.

लाउटरब्रुनेन खोल दरीत आहे. 297 मीटरचा श्टाउबबाख धबधबा गावातूनच दिसतो, पण कड्यांमुळे ऊन लवकर जातं. वेंगेन, म्युरेन ही डोंगरावरची गावं इथून जवळ. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा प्रवासी पास) असेल तर तिथवर वेगळं तिकीट लागत नाही. तळ्यांतल्या बोटीही त्यातच. पायी भटकणाऱ्यांनी हेच गाव धरावं.

ग्रिंडेलवाल्ड 1034 मीटरवर, मोकळं, आयगर शिखराच्या थेट समोर. आयगर एक्सप्रेस रोपवे 15 मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला पोचवतो, तिथून पुढे युंगफ्राउयोखची गाडी मिळते, म्हणून युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच खिंडीसाठी (3454 मीटर) हे सोयीचं. तिकीट मात्र त्या सकाळी वेबकॅमवर शिखर दिसल्यावरच काढा. ढगात नुसतं पांढरं दिसतं.