शेंगाचटणी उत्तम, पिशव्या टिकाऊ, वेळेचे मात्र विचारून घ्यावे

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांची खडखड दिवसभर कानावर येते अशा एका गल्लीत हे लहानसे विक्री केंद्र आहे. दारावर नावाचा फलक नाही. त्या दिवशीचे जिन्नस आणि भाव फळ्यावर खडूने लिहिलेले असतात. आई-वडील गमावलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या आज्या, मावश्या, काकू आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्याने बालगृहातून बाहेर पडलेल्या काही मुली मिळून ते चालवतात.

आधी चटणीविषयी, कारण मी तिच्यासाठीच पुन्हा गेले. यंत्रात दळलेल्या शेंगाचटणीचे पीठ होते. येथील चटणी उखळात कुटलेली असल्यामुळे दाण्याचे तेल सुटून तिचा गोळा धरतो, आणि लसूण तिखटाच्या मागून हळूच जिभेवर येतो. ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि बंद डब्यात महिनाभर सहज राहिली. एका पुडक्यातील दोन भाकऱ्या करपलेल्या निघाल्या, तेवढे सोडले तर तक्रार नाही.

टेरी टॉवेलच्या उरलेल्या तुकड्यांपासून शिवलेल्या पिशव्या मात्र अपेक्षेहून सरस आहेत. मी किंमत विचारली, तेव्हा विशीतल्या मुलीने उत्तर देण्याआधी पिशवी उलटी करून आतली दुहेरी शिलाई दाखवली. मुलांच्या परिस्थितीविषयी ती एक शब्दही बोलली नाही. दयेवर माल खपवण्याचा हा मोह टाळलेला पाहून मला फार बरे वाटले.

कामाचे पैसे नगावर ठरलेले असून दर शनिवारी वहीत सही घेऊन दिले जातात. तेथील एक आजी पूर्वी विड्या वळत. हजारामागे मिळणाऱ्या मजुरीत दोन नातवंडांचे भागेना, असे त्यांनी सांगितले. राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि त्याचे अर्ज भरायला केंद्रातल्या मुली मदत करतात. परंतु ते पैसे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच असतात आणि तेवढ्यावर घर चालत नाही. पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये बालकाश्रम काढला, तेव्हापासून निराधार मुलाला संस्थेत आसरा देण्याची वाट आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी ती हवीच. पण आजी हयात असताना केवळ पैशांअभावी नातू तिच्यापासून तुटू नये, यासाठी आजीलाच काम देणे मला अधिक पटते.

आता गैरसोय. संक्रांतीच्या हळदी-कुंकवासाठी सांगितलेल्या चाळीस पिशव्या चार दिवस उशिरा मिळाल्या. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्म्या बायका तिकडे विक्रीला बसतात, हे आधी सांगितले असते तर मी दिवस पुढचा धरला असता. रथसप्तमीपर्यंत अवधी होता म्हणून निभावले. शिवाय चटणीच्या एका पुडक्यावर तयार केल्याची तारीख नव्हती. खाद्यपदार्थाच्या बाबतीत ही चूक लहान म्हणता येणार नाही. पुढच्या खेपेला तारखेचा शिक्का होता, परंतु शाई बोटाला लागत होती.

चटणी दुपारपर्यंत संपते. भाकरीसाठी घरून पत्र्याचा डबा न्यावा, रिक्षात पुडके टिकत नाही.