नागपूरहून प्रागची हिवाळी सहल: पॅकेज चांगलं, वेळापत्रक उन्हाळ्याचं

नागपूरच्या एका सहल कंपनीचं हे डिसेंबरातलं पॅकेज. प्रागमध्ये पाच रात्री, विमानाची तिकिटं, व्हिसाचं काम, नाश्ता, रोज रात्री भारतीय जेवण, गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध कार्लोवी व्हारी गावाची एक दिवसाची फेरी आणि सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. हॉटेल, कागदपत्रं आणि ज्येष्ठ मंडळींची काळजी यात नाव ठेवायला जागा नाही. दीड गुण गेला तो एकाच कारणाने: सगळा कार्यक्रम जून महिन्याच्या उजेडावर बेतलेला आहे.

डिसेंबरच्या शेवटी प्रागला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. नागपुरात याच दिवसांत जवळपास अकरा तास उजेड मिळतो, त्यामुळे ‘निवांत नाश्ता, दहाला बस’ हे वाचताना आपल्याला काही खटकत नाही. पण तिथे दहा वाजता दिवसाचा चौथा हिस्सा संपलेला असतो. हिवाळ्यात प्रागला जाणारा माणूस पैसे मोजतो ते या आठ तासांसाठी, आणि या पॅकेजमध्ये तेच सगळ्यात सैल हाताने खर्च होतात.

सगळ्यात मोठा फटका किल्ल्याला बसतो. पत्रकात प्राग किल्ला ‘दुपारच्या जेवणानंतर’ आहे. नोव्हेंबर ते मार्च आतल्या इमारती नऊ ते चार एवढ्याच वेळात उघड्या असतात आणि सेंट व्हिटस कॅथेड्रल या मोठ्या चर्चमधला शेवटचा प्रवेश त्याच्याही थोडा आधी बंद होतो. जेवून, बसमध्ये माणसं मोजून, सुरक्षा तपासणीच्या रांगेतून आत पोचेपर्यंत अडीच वाजतात. उरलेल्या वेळात कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका हे जुनं चर्च आणि गोल्डन लेन ही छोट्या घरांची गल्ली हे सगळं उरकायचं म्हणजे नुसती धावपळ. कॅथेड्रलचं बांधकाम १३४४ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ मध्ये. आत डाव्या हाताला चेक चित्रकार अल्फोन्स मुखाने केलेली रंगीत काचांची खिडकी आहे. बाहेर उजेड असेल तर मधल्या केशरी-लाल रंगापासून कडेच्या निळ्यापर्यंत छटा कशा उतरत जातात ते स्पष्ट दिसतं. साडेतीनला ढगाळ हवेत तीच खिडकी काळपट पडते. एवढ्या लांब जाऊन ती अशी पाहणं फार वाईट.

उपाय सोपा आहे. साडेआठला २२ नंबरची ट्राम पकडून ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरा, नऊला दारात हजर राहा. फक्त रविवार टाळा, त्या दिवशी कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारी बारानंतर उघडतं. बाराला पहिल्या चौकात पहारा बदलण्याचा समारंभ होतो, तो पाहूनच बाहेर पडा. जुन्या राजवाड्यात १६१८ ची ती खिडकी चुकवू नका, जिच्यातून सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा लेखनिक खाली फेकले गेले. तिघेही वाचले, पण युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. किल्ल्याचं तिकीट दुसऱ्या दिवशीही चालतं, म्हणून एखादी इमारत राहिली तरी बिघडत नाही. पत्रकात लिहिलेल्या ‘राजेशाही बागा’ मात्र हिवाळ्यात बंदच असतात. ती ओळ उन्हाळी पत्रकातून जशीच्या तशी आली आहे.

उतरताना नेरुडोवा रस्त्याने चालत खाली आणतात. कोरड्या दिवशी ही वाट सुरेख आहे. पण रस्ता घडीव दगडांचा आहे, आणि त्यावर पावसाचं पाणी गोठलं की बर्फ डोळ्यांना दिसत नाही, पाय घसरल्यावरच कळतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरूनच ट्रामने परत यावं.

चारनंतर काय करायचं, हा प्रश्न प्रागमध्ये पडत नाही. अंधारात चांगल्या दिसणाऱ्या गोष्टी या शहरात भरपूर आहेत: जुन्या शहराच्या चौकातला नाताळचा बाजार, व्लतावा नदीतली बंदिस्त, उबदार बोटफेरी, चर्चमधल्या संगीताच्या मैफली, दिव्यांतला चार्ल्स पूल. १३५७ साली पायाभरणी झालेला हा ५१६ मीटरचा पूल दोनदा पाहावा, एकदा पहाटे आणि एकदा रात्री. पॅकेजमध्ये तो सकाळी अकराला आहे. म्हणजे उजेड खर्चून गर्दी पाहायची.

खगोलीय घड्याळासाठी पत्रकात तासभर ठेवला आहे, तेवढा लागत नाही. ठोके पडायच्या दहा मिनिटं आधी पोचलं की झालं. सांगाडा दोरी ओढतो, हातातलं वाळूचं घड्याळ उलटतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे प्रेषित सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिळून मिनिटभराचा खेळ. खरी मौज तबकडीत आहे. १४१० च्या या घड्याळाचं सर्वांत बाहेरचं काळं कडं जुन्या चेक पद्धतीने सूर्यास्तापासून तास मोजतं. मनोऱ्याला लिफ्ट आहे, त्यामुळे वरून चौकातल्या बाजाराचे दिवे सगळ्यांना पाहता येतात.

योसेफोव्ह या ज्यू लोकांच्या जुन्या भागातली संग्रहालयाची सिनेगॉग (प्रार्थनास्थळं) शनिवारी बंद असतात. सहल कोणत्या वारी निघते त्यावर तुमचा हा दिवस शनिवारी पडतो का, ते आधी मोजा. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ८० हजार माणसांची नावं हाताने लिहिली आहेत. तिथे घाईने फिरू नये, आणि टूर मॅनेजरने मोठ्याने माणसं मोजू नयेत.

कार्लोवी व्हारीची फेरी आम्ही वगळली असती. जाऊन येऊन चार तासांहून जास्त बसमध्ये, म्हणजे अर्धा उजेड काचेतून बघण्यात जातो. तिथला व्र्झीद्लो हा ७३ अंशांचा झरा थंडीत वाफाळताना छान दिसतो, हे खरं. तरी दिवसभर बाहेरच जायचं असेल तर रेल्वेने तासाभरावरचं कुत्ना होरा हे चांदीच्या खाणींचं जुनं गाव जास्त देऊन जातं.

कपड्यांची यादी कंपनीने दिली आहे, पण ती अपुरी आहे. प्रागचं तापमान या दिवसांत शून्याच्या आसपास खालीवर होत राहतं. अंगाला थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, असे तीन थर हवेत. मधल्या थरासाठी आणि टोपी-हातमोज्यांसाठी नागपुरातला तिबेटी स्वेटर बाजार उत्तम आणि स्वस्त. वरचं जाकीट मात्र तिथलं चालणार नाही, त्यातून वारा आत शिरतो. बूट जाड मोजे घालूनच मापा. बूट घट्ट झाला की रक्त नीट खेळत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. सुती मोजे ओले झाले की लवकर वाळत नाहीत. ट्राम, संग्रहालयं, हॉटेलं आतून गरम असतात, म्हणून एकच भलंमोठं जाड कपडं नेण्यापेक्षा पटकन काढता येतील असे थर बरे. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवा.

पैशांबद्दल टूर मॅनेजर फार कमी सांगतो. चेक प्रजासत्ताकाचं चलन कोरुना आहे. युरो काही ठिकाणी घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा लावतात. कार्ड यंत्राने ‘रुपयांत की कोरुनात’ असं विचारलं तर कोरुनाच निवडा. विनिमय काउंटरवर फसगत झाली तर पावती दाखवून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. १००० युरोपर्यंतच्या रकमेला हा नियम २०१९ पासून लागू आहे. ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदा छापून घ्यावंच लागतं, खिशातलं कोरं तिकीट तपासनीस मानत नाही.

शाकाहारी मंडळींना रात्री भारतीय जेवण आहे, दुपारची सोय स्वतः पाहायची. स्माझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज बहुतेक ठिकाणी मिळतं, पण त्याच्या आवरणात आणि सोबतच्या तार्तार सॉसमध्ये अंडं असतं. ब्राम्बोराक या बटाट्याच्या धिरड्यातही अंडं असतं आणि काही जण ते डुकराच्या चरबीत तळतात. सूप मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, हे दर वेळी विचारा.

२४ तारीख सहलीत येत असेल तर सावध राहा. मोठी दुकानं त्या दिवशी दुपारी बाराला कायद्यानेच बंद होतात, २५ आणि २६ ला उघडत नाहीत. फळं, बिस्किटं, औषधं २३ लाच घेऊन ठेवा.

व्हिसाच्या कामाला पूर्ण गुण. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोचा विमा लागतो. कंपनीने दोन्ही गोष्टी वेळेत सांगितल्या, कागद तपासून दिले. बोटांचे ठसे द्यायला मात्र केंद्रावर स्वतः जावं लागतं, तो खर्च पॅकेजमध्ये धरलेला नाही. त्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन असलं की मुंबईच्या विमानांचे दर चढतात. सहलीच्या विमानात नागपूर ते मुंबई टप्पा असेल तर तो पॅकेजच्या रकमेत आहे की वेगळा, आणि किल्ल्याचा दिवस सकाळी नऊला सुरू होईल की नाही, ही दोन्ही उत्तरं आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी घ्या.