दोन पावसाळ्यांनंतर: हॉलमधली व्हिट्रिफाइड आणि स्वयंपाकघरातली सिरॅमिक

चिपळूणजवळच्या आमच्या घराची फरशी बदलून आता सतरा महिने झाले. हॉल आणि दोन्ही खोल्यांत दोन बाय दोन फुटांच्या पोर्सिलेन, म्हणजे दुकानदार ज्यांना व्हिट्रिफाइड म्हणतात त्या टाइल, तर स्वयंपाकघरात व मागच्या पडवीत फूट बाय फूटच्या साध्या सिरॅमिक, ही विभागणी निव्वळ पैसे वाचवण्यासाठी केली होती.

दोन्ही मातीच्याच, फरक मिश्रणाचा, दाबाचा आणि भाजणीचा. पोर्सिलेनची फेल्डस्पार नावाचे खनिज मिसळलेली बारीक माती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजली की आतली छिद्रे जवळजवळ बुजतात आणि टाइल वजनाच्या ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. जमिनीच्या साध्या सिरॅमिकमध्ये हे प्रमाण बहुधा ३ ते ६ टक्के असते. उरलेल्या तुकड्यांच्या पाठीवर मी चमचाभर पाणी टाकून पाहिले. सिरॅमिकच्या लालसर पाठीत ते बघता बघता मुरले, व्हिट्रिफाइडच्या करड्या पाठीवर मात्र तसेच साचून राहिले. खरेदीपूर्वी दुकानात करून पाहण्याजोगी ही सोपी परीक्षा आहे.

स्वयंपाकघरात चौथ्याच महिन्यात लोखंडी बत्ता हातातून निसटला आणि रुपयाएवढा टवका उडून आतली लाल माती उघडी पडली. वरची चकाकी शाबूत आहे तिथे सिरॅमिक आजही पहिल्या दिवसाइतकीच स्वच्छ पुसली जाते. पण त्या टवक्यात फोडणीचे तेल मुरत मुरत काळा ठिपका झाला आहे आणि तो कशानेही निघत नाही. हळदीने पिवळे पडलेले सांधे हा मात्र टाइलचा दोष नव्हे. तिथे पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे डाग सहसा न शोषणारे राळेचे मिश्रण, भरायला हवे होते.

हॉलमध्ये श्रावणभर तांबड्या चिखलाची पावले उमटत असतात आणि एका पोछ्यात जातात. तक्रार आहे ती व्हिट्रिफाइडच्या गुळगुळीतपणाची, कारण ओल्या पायांनी आत येताना सासूबाई दोनदा घसरता घसरता वाचल्या, तर पडवीतल्या खरबरीत सिरॅमिकवर कोणाचाही पाय कधी सरकला नाही. व्हिट्रिफाइडमध्येही मॅट प्रकार मिळतो. चकचकीत घेण्याचा हट्ट माझाच होता.

खरा मनस्ताप झाला तो बसवणीचा. सिरॅमिक पाण्यात भिजवून सिमेंटवर बसवता येते, कारण तिची पाठ ओलावा ओढून सिमेंट धरते. व्हिट्रिफाइड जवळजवळ काहीच ओढत नसल्याने तिला टाइल चिकटवण्याचे खास मिश्रण, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागते. आमच्या मिस्त्रींनी हॉलमध्ये ते वापरले, पण ते संपल्यावर मागच्या खोलीत, मला न विचारता, नुसत्या सिमेंटवर काम उरकले. सहा महिन्यांत तिथल्या चार टाइल ठोकल्यावर पोकळ वाजू लागल्या आणि त्यांपैकी पलंगाच्या पायाखालच्या दोन टाइल कोपऱ्यातून तडकल्या. ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले, तोच इथे नडला.

त्या दोन बदलताना माळ्यावर जपून ठेवलेला त्याच बॅचचा बॉक्स कामी आला. आता त्यात एकच टाइल उरली आहे, पोकळ वाजणाऱ्या आणखी दोन तशाच आहेत, आणि दुकानात ती छटा आता मिळत नाही.