धान्यातल्या पाखरांसाठी कामगंध सापळा: पावसाळाभर वापरून

कोठीतल्या ज्वारीची पाखरं जातील म्हणून हा सापळा मागवत असाल तर आधी हे वाचा. मी मृगाच्या सुमारास लावला, आता दिवाळी होऊन गेली. वस्तू कामाची आहे, पण पाकिटावर लिहिलेल्या कामाची नाही.

पुठ्ठ्याचा तिकोनी खोपा, आत चिकट थर, मधोमध रबराची गंधगोळी. परभणीकडच्या कपाशीवाल्यांना यात नवं काही नाही, गुलाबी बोंडअळीसाठी रानात आपण हेच लावतो. मादीच्या वासाला भुलून नर येतो आणि चिकटतो. फक्त नर. अंडी घालणारी मादी मोकळीच राहते, आणि एकेक मादी शंभराच्या वर अंडी घालते. शिवाय पाखरू स्वतः दाणा खातच नाही, नासाडी अळीची.

चिकटलेलं पाखरू बॅटरीच्या उजेडात बघितलं: पंखाचा अंगाकडचा भाग फिकट, पुढचा तांबूस. हे शेंगदाणे, सुकामेवा, रवा, पिठातलं. कोठीतलं वेगळं. ते वाळल्या कडब्याच्या रंगाचं, बारीक अंगाचं. त्याची अळी ज्वारीच्या दाण्यातच वाढते आणि पाखरू गोल भोकातून बाहेर पडतं. दाणा चिमटीत धरला तर आत नुसती पोकळी. या गोळीचा गंध त्याच्यासाठी नाहीच. गंमत म्हणजे ते बोंडअळीच्याच कुळातलं, दोघांच्या गंधातला एक घटकही सारखा! तांदळातल्या पाखराचा गंधही निराळा. तरी पाकिटावर लिहिलंय, 'सर्व पतंगांसाठी'.

मग उपयोग काय? चोर कुठं लपलाय ते कळतं. वरच्या फळीवरचा सापळा भराभर भरला, खालचा जवळजवळ रिकामा. वरचं सगळं उतरवलं तर मागं सारलेली शेंगदाण्याची पिशवी निघाली, दाणे जाळीनं एकमेकांना चिकटून गोळा झालेले. तेवढ्यावर थांबू नका. अळ्या कोष करायला डब्यापासून लांब जातात, छताच्या कोपऱ्यात, झाकणाच्या आट्यांत. ते पुसलं नाही तर महिन्याभरात नवी पिढी तयार.

ज्वारी वाचली ती उन्हानं आणि हवाबंद जाड पिशवीनं. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवायचा, गार होऊ द्यायचा, मग पिशवीतली हवा दाबून काढून तोंड गच्च बांधायचं. आतला प्राणवायू संपला की किडा मरतो. फक्त उंदरांपासून जपा, एक पिशवी कुरतडली आणि त्यातली ज्वारी गेली. शेजारचे काका म्हणाले, "गोळी टाक की, कशाला एवढा खटाटोप!" ती सल्फासची गोळी घरात आणायचीसुद्धा नाही. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

पैठणीच्या कपाटात हा सापळा ठेवू नका. रेशीम-लोकर खाणारी कसर वेगळी, तिचा गंध वेगळा. भिंतीवर सरपटणारी करडी चपटी पिशवीही पाखराचीच अळी, पण तिच्यावर उपाय एकच: जळमटं काढा.

पाचपैकी तीन तारे. एक तारा पाकिटावरच्या थापेसाठी कापला, दुसरा सुटी गंधगोळी विकत नाहीत म्हणून; दोनेक महिन्यांत तिचा जोर ओसरतो आणि अख्खं पाकीट घ्यावं लागतं. ट्यूबलाइटजवळ तर लावूच नका. आमच्याकडे पाल चिकटली, आईनं गोडंतेल सोडून ती हळूहळू सुटी केली, आणि त्या तेलानं सापळाही वाया गेला.