बक मॉड्यूल: स्वस्त खरं, पण व्होल्टेज नाचालंय

बेळगावात खडेबाजारातनं एलएम२५९६ चिपचं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) घेतलं, १२ चं ५ व्होल्ट करून राऊटर चालवायला. नुसतं मीटर लावलं की ५.० बरोब्बर, अन राऊटर जोडला की ४.६, ५.३, परत ४.७, नाचालंय की ओ! आधी वाटलं प्रीसेटच (व्होल्टेज जुळवायचा स्क्रू) सैल, तो बदलला तरी तेच रडगाणं. मग बघतोय तर अडॅप्टरची वायर दोन हात लांब, अन आउटपुटचा कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला. तो काढून लो-ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) टाकला, इनपुटला अगदी चिपजवळ २२० मायक्रोफॅरडचा एक लावला, आता ५.०२ वर गप्प बसलंय. दोस्ताच्या स्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) चिपच्या चालू-बंद व्हायची फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ दिसली, अस्सल चिपची १५० असतीय, म्हणजे माल डुप्लिकेट. ३ अँपिअर छापलंय खरं, दीडलाच असं तापतंय की बोट टेकवत नाही.