दुबईत ‘वीस दिरहम’ म्हणजे नेमके किती?

दुबईत पाकीटमारी फार कमी. पर्यटकाचे पैसे जातात ते हसतखेळत, बिल देऊन. सांगितलेला आकडा खराच असतो, फक्त तो कशाचा आहे हे आपण विचारलेलं नसतं.

सुरुवात खाडीच्या धक्क्यावरच होते. बर दुबईहून देऱ्याला नेणाऱ्या साध्या आब्राचं, म्हणजे लाकडी बोटीचं, भाडं माणशी 1 दिरहम. तिथेच ‘स्पेशल बोट’ म्हणून मागे लागणारा माणूस अख्खी बोट तासाच्या हिशेबाने देत असतो.

पलीकडे मसाल्यांचा बाजार. हाक हिंदीतून येते, हातावर खजूर ठेवला जातो. भाव विचारला की उत्तर एकच: ‘वीस’. आपण मनात पाव किलो धरतो, निदान शंभर ग्रॅम. दुकानदार भराभर पिशवी भरतो. वेलची, सुकं लिंबू, गुलाबकळ्या, चहा, सगळं एकत्र. काट्यावर 400 ग्रॅम दिसतात, आणि मग कळतं की वीस दिरहम दहा ग्रॅमचे होते. म्हणजे 800 दिरहम! नको म्हटलं, तर ‘मिसळलेला माल आता कुणाला विकू?’ असं वर ऐकवतात. माल मिसळतात तो याचसाठी. म्हणून वजन आपण सांगायचं, आणि पिशवी उघडण्याआधी ‘शंभर ग्रॅमचे एकूण किती’ हा आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवायला लावायचा. बाजारात शिरण्याआधी एखाद्या सुपरमार्केटात त्याच जिनसांचे छापील भाव पाहून ठेवले, तर घासाघीस करायला बळ येतं.

केशराची तऱ्हा वेगळी. स्वस्त ‘केशर’ पुष्कळदा करडईच्या पाकळ्या असतात. खऱ्या काडीचं एक टोक कर्ण्यासारखं फुललेलं असतं. गार पाण्यात तिचा पिवळा रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. पाणी क्षणात लाल झालं, तर तो रंग आहे.

सोन्याच्या बाजारात दर सगळीकडे जवळपास सारखाच आणि पाटीवर लावलेला असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे रेट कमी’ म्हणणारा घडणावळीत वसूल करतो. आखातात 21 कॅरेटचे दागिने सर्रास मिळतात. त्यांवर 875 चा शिक्का असतो, 22 कॅरेटवर 916 चा. शिक्का पाहिला नाही, तर 22 चा दर देऊन 21 चं कडं घरी येतं. जडावाच्या दागिन्यात खड्यांचं वजन सोन्यात धरलंय का, हेही विचारा. आणि तोळ्यात बोलूच नका: आपला सराफ तोळा 10 ग्रॅमचा धरतो, तिथला तोळा 11.66 ग्रॅमचा. बिलावर कॅरेट, निव्वळ वजन, घडणावळ आणि 5 टक्के व्हॅट वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘व्हॅट विमानतळावर परत मिळेल’ हे तोंडी आश्वासन फुकट आहे. निदान 250 दिरहमच्या खरेदीवर दुकानातच पासपोर्ट दाखवून परताव्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी ती पडताळून घ्यावी लागते. परत मिळतात ते व्हॅटचे 85 टक्के, त्यातूनही प्रत्येक नोंदीमागे 4.80 दिरहम कापून.

वाळवंट सफारीच्या जाहिरातीत सगळ्यात स्वस्त आकडा असतो तो बहुतेक वेळा फक्त बस आणि कॅम्पचा. टेकड्यांवर गाडी उडवणं वेगळं, हॉटेलवरून नेणं-आणणं वेगळं. वाटेत गाडी एका ठाण्यावर थांबते. टायरची हवा कमी करायला, असं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण तो थांबा क्वाड बाईकची, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चारचाकी बाईकची, फेरी विकण्यासाठीही असतो. तिथला भाव माणशी की गाडीमागे, 15 मिनिटांचा की 30, वेळ कुठून मोजणार, हे सगळं बसण्याआधी ठरवा. बाईकवर आधीचे ओरखडे असतील तर फोटो काढून ठेवा, नाहीतर परत देताना नुकसानभरपाई मागतात. कॅम्पमध्ये ससाण्याबरोबर फोटो आणि पुढची ‘व्हीआयपी’ बैठक यांचे पैसे बहुधा निराळे. गाडीत किती जण, लाहबाबची लाल वाळू की शहराजवळची दुसरी जागा, टेकड्यांवर किती मिनिटं, हे व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ग्लोबल व्हिलेज ही जत्रा आणि मिरॅकल गार्डन ही फुलबाग तिथल्या भर उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, बंद असतात, तरी त्या दिवसांतल्या पॅकेजच्या पत्रकात त्यांचे फोटो झळकू शकतात. हॉटेलात ‘टुरिझम दिरहम’ दर खोलीला दर रात्री 7 ते 20 दिरहम लागतो. तो पॅकेजमध्ये धरलाय का, ते निघण्याआधी टूरवाल्याला विचारा.

कार्डाच्या यंत्रावर ‘रुपये की दिरहम’ असं आलं, तर दिरहम निवडा; रुपयांचा दर यंत्रवाला लावतो आणि तो महाग पडतो. एका डॉलरचे 3.6725 दिरहम, असा दर बांधलेला आहे. त्या दिवसाच्या डॉलरच्या रुपयांतल्या भावाला तेवढ्याने भागलं की खरा दर हाती येतो.

फसलात तर दुकानात आवाज चढवू नका, शिवी देऊ नका आणि दुकानदाराचा व्हिडिओ काढू नका. तिथे अपमान करणं आणि परवानगीवाचून चित्रण करणं हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि तक्रारदारच आरोपी होऊ शकतो. बिल घ्या, दुकानाच्या पाटीवरचं नाव टिपा, ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करा. पोलिसांचा तातडीचा नसलेला क्रमांक 901 आहे. ‘901 ला फोन करू का?’ एवढं शांतपणे विचारल्यावर काही दुकानांत पैसे तिथल्या तिथे परत निघतात.