पाईप थंडीनं फुटतो म्हणून १८,५०० घेऊन गेले, बेळगाव-खानापूरकडच्या शेतकऱ्यांनी जरूर वाचा

कडोली भागात आमचं दोन एकर आहे, कोबी-फ्लॉवर करतो. विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत जमिनीखालून पीव्हीसी टाकलीय आणि वर स्प्रिंकलर. दोन वर्षं झाली, डिसेंबर-जानेवारी आला की एकाच एल्बोपाशी (वाकणाच्या जोडापाशी) पाईप निसटायचा, सकाळी जाऊन बघावं तर वावरात तळं आणि मोटर तशीच चालू.

गेल्या डिसेंबरात दोघं बाईकवरून आले, अगदी गोड बोलणं, "काका, थंडीत पाणी गोठतंय आणि पाईप फुटतोय" म्हणाले. मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, परदेशातले, बर्फात फुटलेले पाईप आणि स्प्रिंकलर. बाहेर धुकं, गवतावर दव, माझ्या अंगावर स्वेटर आणि पाईप खरंच दोनदा गेलेला, मग मला पटलं. विंटर पॅकेज म्हणून सांगितलं, कॉम्प्रेसरनं हवा मारून लाईन रिकामी करणार, हिरवं लिक्विड घालणार आणि पाईप उकरून फोम गुंडाळणार. १८,५०० रुपये, सगळे फोनवरून आधीच घेतले. पावती साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही काही नाही.

काम दुपारी मी बाजाराला गेलो तेव्हा उरकलं. दोन्ही टोकांना फोम दिसत होता, मधली माती ताजी उकरलेली, मला वाटलं झालं सगळं.

संध्याकाळी चुलत दादा आला, मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेला, लेहला दोन हिवाळे काढलेत त्यानं. त्या हिरव्या लिक्विडचा कॅन बघून पहिलं विचारलं, "ह्याच लाईनीचं पाणी म्हशींच्या हौदाला जातंय न्हवं?" कॅनवर लेबलच नव्हतं. तो म्हणाला अँटीफ्रीझमध्ये (पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या लिक्विडमध्ये) इथिलीन ग्लायकॉल असलं तर ते गोड लागतं, जनावरं आवडीनं पितात आणि त्यांच्या किडन्या जातात. माझे हातपाय गळाले हो. त्याच रात्री हौद बंद केला, खालच्या टोकाचा एंड कॅप काढून दोन तास लाईन सोडून दिली, विहिरीपासून लांब खड्ड्यात. म्हशी वाचल्या, पैशापेक्षा मला त्याचंच जास्त आहे.

मग दादानं समजावलं. पाणी गोठायला शून्य डिग्री लागते, गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि पाईप लांबीनं चिरतो. लेहला पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो म्हणून तिथं पाईप खोल पुरतात, लाईन रिकामी करतात. बर्फाच्या देशात कॉम्प्रेसरनं हवा मारणं ही खरीच पद्धत आहे, पण तिथंही प्रेशर बेतानं ठेवतात नाहीतर हवेनंच फिटिंग उडतात. (आमचे चार नोझल त्यातच गेले.) बेळगावात कितीही गारठा पडू दे, पारा शून्याच्या जवळपास पण येत नाही, आणि आमचा पाईप तर दोन फूट मातीखाली, मग गोठणार कसा? आणि आमचा कधी चिरला नव्हता, जॉइंटलाच निसटला होता, हे माझ्या डोळ्यासमोर असून मला सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी परत तिथंच निसटला. उकरून बघितलं तर फोमचा तुकडा नाही, नुसती माती वरखाली केलेली.

शेवटी गावातल्या मोटरवाल्यानं बघितलं. हिवाळ्यात पाणी पाजायला लागतंय, रात्री थ्री फेज लाईट आलं की ऑटो स्टार्टरनं मोटर एकदम सुरू होते, रिकाम्या लाईनीत हवा अडकलेली असते, पाणी जाऊन दणका बसतो तो सगळा त्या वाकणावर. पावसाळ्यात मोटरच बंद, म्हणून तेव्हा काही होत नव्हतं. वरच्या उंचवट्यावर अडकलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवला, एल्बोच्या मागं काँक्रीटचा ठोकळा घातला, मोटरपाशी पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बदलला. त्यानंतर अख्खा हिवाळा गेला, एकदाही निसटला नाही.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन केलाय, पोलिसात पण पेमेंटचा स्क्रीनशॉट दिलाय. जाताना ते खानापूरच्या बाजूला जायलोय म्हणत होते. हिरवा कॅन घेऊन कुणी आलं तर लाईनीत थेंबभर पण घालू देऊ नका, आणि घातलं असेल तर आधी जनावरांच्या हौदाला जाणारं पाणी बंद करा.